विश्लेषण : चेहऱ्यामुळे शाळांनी नाकारलेले डॉ. सॅम्युअल जॉन्सन... टुरेट सिंड्रोम असलेल्या विद्यार्थ्याला कसे समजून घ्यावे?

इंग्रजी भाषेचा दीडशे वर्षे प्रमाण मानला गेलेला शब्दकोश ज्यांनी जवळपास एकहाती रचला, त्या डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांना तरुणपणी शाळामास्तराची साधी नोकरी मिळत नव्हती. दोन शाळांनी त्यांना नाकारले ते ज्ञान कमी म्हणून नव्हे, तर चेहरा वेडावाकडा होतो म्हणून. मुले नक्कल करतील, अशी शाळाचालकांना भीती वाटली. हा प्रकार काय होता, याचे उत्तर वैद्यकशास्त्राला जॉन्सन यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी सापडू लागले. आज त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. हजारामागे साधारण तीन ते दहा शाळकरी मुलांमध्ये तो आढळतो, म्हणजे मोठ्या शाळेत अशी काही मुले असतातच. पण शिक्षकांच्या खोलीत त्याचे नाव अजूनही बहुधा ‘चाळे’ असेच असते.

लिचफिल्डमधला विद्यार्थी कसा होता?

सॅम्युअल जॉन्सन यांचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडमधील लिचफिल्ड या गावी झाला. वडील मायकेल पुस्तकविक्रेते. आई सारा तेव्हा चाळिशीला पोहोचलेली. बाळंतपण अवघड गेले आणि मूल जन्मतः रडलेही नाही. दूध पाजण्यासाठी ज्या बाईकडे ठेवले, तिच्याकडे असताना त्याला गंडमाळा झाल्या. त्यातून दृष्टी अधू झाली, एका कानाने कमी ऐकू येऊ लागले, मानेवर कायमचे व्रण राहिले. राजाराणीच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात अशी तेव्हा समजूत होती. म्हणून १७१२ मध्ये आई त्याला लंडनला घेऊन गेली आणि राणी ॲनने त्याला स्पर्श केला. त्या वेळी मिळालेले सोन्याचे नाणे जॉन्सन यांनी जन्मभर गळ्यात घातले. गंडमाळा काही गेल्या नाहीत.

पहिली शाळा गावातल्याच एका बाईंची, डेम ऑलिव्हर यांची होती. एके दिवशी घरून न्यायला कोणी आले नाही, तेव्हा छोटा सॅम एकटाच निघाला. दिसत नसल्याने तो रस्त्यावर गुडघे टेकून, खाली वाकून गटार कुठे आहे ते पाहत होता. काळजीपोटी बाई मागून आल्या. हे लक्षात येताच तो संतापून त्यांच्या अंगावर धावून गेला. मदत हवी होती, पण दया नको होती. हाच स्वभाव पुढे आयुष्यभर टिकला. याच बाई पुढे तो ऑक्सफर्डला निघाला तेव्हा खाऊ घेऊन भेटायला आल्या आणि आपल्या हाताखालून गेलेला हा सर्वांत हुशार विद्यार्थी असल्याचे त्यांनी त्याला सांगितले.

गावच्या लॅटिन शाळेत मुख्याध्यापक जॉन हंटर यांचा दरारा होता. प्रश्नाचे उत्तर आले नाही की छडी, मग ते उत्तर मुलाला कधी शिकवले होते की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. जॉन्सन यांनी म्हातारपणी या छडीचे समर्थन केले. आपले लॅटिन त्या माराशिवाय झाले नसते, असे त्यांचे मत होते. ते मत आज कोणी मान्य करणार नाही, पण त्यांनी ते लपवलेही नाही.

वर्गातल्या मुलांचे त्याच्याशी वागणे मात्र वेगळे होते. सॅमची बुद्धी इतकी तल्लख, की तीन मुले रोज सकाळी त्याच्या घरी येत. एकाच्या पाठीवर सॅम, बाजूला दोघे आधाराला, अशी वरात शाळेत पोहोचे. या तिघांपैकी एक, एडमंड हेक्टर, पुढे शल्यचिकित्सक झाला आणि शेवटपर्यंत त्यांचा मित्र राहिला. अंगविक्षेप नेमके केव्हा सुरू झाले याची तारीख कोणत्याही चरित्रात सापडत नाही. पण विशीतल्या जॉन्सन यांना पाहिलेल्या लोकांनी त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे.

३१ ऑक्टोबर १७२८ रोजी ते ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाले. पैसे संपले आणि तेरा महिन्यांत कॉलेज सुटले. बूट फाटून बोटे बाहेर आली होती. कोणीतरी रात्री खोलीच्या दाराशी नवे बूट ठेवून गेले, तर त्यांनी ते फेकून दिले. पदवी मात्र हुकली ती हुकलीच, आणि पुढच्या नोकऱ्यांत तीही आडवी आली.

नोकरी नाकारण्याचे कारण काय होते?

पदवी नसलेल्या विद्वानाला त्या काळी एकच वाट होती, शाळेत शिकवण्याची. १७३२ मध्ये मार्केट बॉसवर्थच्या शाळेत ते दुय्यम शिक्षक झाले. संस्थेचा मालक उद्धट निघाला आणि काही महिन्यांत ती नोकरी त्यांनीच सोडली. १७३५ मध्ये सॉलिहल येथील शाळेत मुख्याध्यापकाची जागा होती. जॉन्सन यांच्या विद्वत्तेबद्दल शाळाचालकांची तक्रार नव्हती. पण दोन गोष्टी त्यांना खटकल्या. एक, हा गृहस्थ गर्विष्ठ आणि तापट असल्याचे त्यांच्या कानावर आले होते. दुसरी, त्याचा चेहरा वेडावाकडा होतो. विशेष म्हणजे हे त्याच्या हातात नाही, हे त्यांनी आपल्या पत्रात मान्य केले आणि तरीही मुलांवर परिणाम होईल या धास्तीने नकार कळवला.

पुढच्या वर्षी ब्रूवुडच्या शाळेतही तेच झाले. तिथले मुख्याध्यापक जॉन्सन यांच्याविषयी आदर बाळगणारे होते. पण मुले चेष्टा करतील, नकला करतील, म्हणून त्यांनीही नाही म्हटले. १७३९ मध्ये ॲपलबीच्या शाळेत वर्षाला ६० पौंडांची जागा निघाली. तेव्हाचे सर्वांत मोठे कवी अलेक्झांडर पोप यांनी ओळख नसतानाही शब्द टाकला. तिथे पदवीची अट आडवी आली. या प्रकरणात पोप यांनी लिहिलेल्या चिठ्ठीतही जॉन्सन यांच्या झटक्यांचा उल्लेख आहेच.

आजही हे वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकू येते. इतर मुलांचे लक्ष विचलित होते, म्हणून याला दुसऱ्या शाळेत घाला. त्रास ज्याला होतो तो बाजूला आणि काळजी बघणाऱ्यांची, हा हिशेब तीनशे वर्षे जुना आहे.

ईडियलची शाळा का बंद पडली?

१७३५ च्या जुलैमध्ये २५ वर्षांच्या जॉन्सन यांनी ४६ वर्षांच्या विधवा एलिझाबेथ पोर्टर यांच्याशी लग्न केले. पहिल्या भेटीत त्यांची मुलगी ल्यूसी हा हाडाडलेला, व्रण पडलेला, मध्येच दचकून हातवारे करणारा माणूस पाहून चकित झाली होती. आईने मात्र भेटीनंतर मुलीला सांगितले, की इतका समंजस माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. लोकांना जे आधी दिसे ते तिला नंतर दिसले, इतकाच फरक.

पत्नीच्या पैशांतून लिचफिल्डजवळ ईडियल येथे जॉन्सन यांनी स्वतःची निवासी शाळा काढली. मासिकात जाहिरातही दिली. विद्यार्थी आले मोजकेच. त्यांपैकी एक डेव्हिड गॅरिक, जो पुढे इंग्लंडचा सर्वांत मोठा नट झाला. मुले मास्तरांच्या हालचालींची टिंगल करत, खोलीच्या किल्लीच्या भोकातून डोकावत. गॅरिक तर कित्येक वर्षांनंतरही मित्रमंडळींत मास्तरांची नक्कल करून हशा मिळवत असे. सव्वा-दीड वर्षात शाळा बंद पडली. शाळाचालकांची भीती खरी ठरली म्हणायची का? मुले नक्कल करतात हे खरेच. पण मुलांना त्या हालचाली काय आहेत हे सांगणारे कोणी नव्हते, कारण खुद्द मास्तरांनाही ते ठाऊक नव्हते. मार्च १७३७ मध्ये गुरू आणि शिष्य दोघेही एकत्रच लंडनच्या वाटेला लागले.

त्या हालचाली नेमक्या कशा होत्या?

याची माहिती विलक्षण तपशिलात उपलब्ध आहे, कारण पुढे त्यांच्याभोवती लिहिणारी माणसे खूप होती. चरित्रकार जेम्स बॉसवेल यांनी नोंदले आहे, की दारातून जाताना ठरावीक पाऊल ठरावीक जागी पडले नाही, तर ते मागे येऊन पुन्हा चालत. बोलता बोलता ते जिभेने कोंबडीसारखा आवाज काढत, मोठे वाक्य संपवून देवमाशासारखा श्वास सोडत. रस्त्याने जाताना खांबांना हात लावत. कादंबरीकार फॅनी बर्नी यांनी १७७७ मध्ये त्यांना प्रथम पाहिले तेव्हा तोंड सतत चघळल्यासारखे हलत होते, बोटे वळत होती, अंग पुढे-मागे झुलत होते. अंध स्नेही ॲना विल्यम्स यांचा हात धरून कोणाच्या घरी जाताना ते उंबरठ्याशी त्यांचा हात सोडत, स्वतःभोवती गिरकी घेत आणि मग आत जात.

चित्रकार विल्यम होगार्थ यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसन यांच्या घरी खिडकीशी एक माणूस डोके हलवत, अंग वळवत उभा असलेला त्यांनी पाहिला. कुटुंबाने सांभाळायला घेतलेला कोणी मतिमंद असावा, असा त्यांचा समज झाला. तेवढ्यात तो माणूस पुढे आला आणि राजाच्या एका निर्णयाविरुद्ध असे काही बोलला, की होगार्थ थक्क झाले. बोलणे सुरू होईपर्यंतचा तो क्षण टुरेट असलेल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला रोज येतो. नवा वर्ग, नवे शिक्षक, बसमधले प्रवासी. बोलण्याची संधी मात्र दर वेळी मिळतेच असे नाही.

मग ते सांगितल्यावर शांत कसे बसत?

इथेच बहुतेक शिक्षक आणि पालक फसतात. जॉन्सन यांचे मित्र, चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांनीही हेच निरीक्षण केले होते. सांगितले तर जॉन्सन इतरांसारखे स्थिर बसू शकत. रंगून बोलत असताना हालचाली थांबत, एकटे विचारात असताना सुरू होत. यावरून रेनॉल्ड्स यांनी निष्कर्ष काढला, की हा आजार नाही, सवय आहे. खुद्द जॉन्सन यांचाही तोच समज होता. एका लहान मुलीने त्यांना थेट विचारले, की तुम्ही असे का करता. त्यांनी न रागावता ती वाईट सवय असल्याचे सांगितले आणि तिला वाईट सवयींपासून जपण्याचा सल्ला दिला.

आजचे वैद्यकशास्त्र याच निरीक्षणाचा उलट अर्थ लावते. टिक, म्हणजे अचानक होणारी हालचाल किंवा आवाज, येण्याआधी शरीरात एक अस्वस्थ ओढ निर्माण होते. शिंक येण्यापूर्वी नाकात होते तशी. शिंक काही क्षण दाबता येते, तशी टिकही दाबता येते. पण दाबण्यात सगळे लक्ष खर्च होते. फळ्यावरचे गणित बाजूला राहते आणि मूल फक्त मान न झटकण्याचे काम करत बसते. म्हणूनच शाळेत तासन् तास शांत राहिलेले मूल घरी आल्यावर एकदम उसळते. शाळेत तर काही करत नाही, तुमच्याकडेच लाडावला आहे, असे मग पालकांना ऐकावे लागते. मन रमले की टिक कमी होतात, ताण, थकवा, उत्साह यांनी वाढतात. काही आठवडे जवळजवळ नाहीशा होतात, मग नव्या रूपात परततात. ही चढउतार हेच या विकाराचे लक्षण आहे, नाटकाचा पुरावा नव्हे.

टुरेट हे नाव कुठून आले?

बॉसवेल यांनी १७९१ च्या चरित्रात या हालचालींची तुलना सेंट व्हायटसचे नृत्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजाराशी केली होती. १८२५ मध्ये फ्रेंच डॉक्टर इतार यांनी एका उमराव स्त्रीची नोंद केली. तिला सातव्या वर्षापासून झटके येत आणि पुढे तोंडून नको ते शब्द बाहेर पडत. १८८५ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करणारे तरुण डॉक्टर जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी तिच्यासह नऊ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे गुरू शार्को यांनी या विकाराला शिष्याचे नाव दिले.

त्या उमराव स्त्रीच्या कहाणीमुळे एक गैरसमज मात्र कायमचा चिकटला, की टुरेट म्हणजे शिव्या देण्याचा आजार. प्रत्यक्षात असे शब्द उच्चारण्याचे लक्षण फार तर दहा-पंधरा टक्के रुग्णांत दिसते. जॉन्सन यांच्याबाबतही त्याची नोंद नाही. विसाव्या शतकात बराच काळ याला मनाचा किंवा आईबापांच्या वळणाचा दोष मानले गेले. १९६० च्या दशकात औषधांनी टिक कमी होतात असे दिसले, तेव्हा हा मेंदूच्या कार्याशी संबंधित विकार आहे ही बाजू भक्कम झाली. जॉन्सन यांच्या नोंदी नव्याने तपासून त्यांना टुरेट होता, असे मांडणारा लेख टी. जे. मरे यांनी १९७९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिला. मृत व्यक्तीचे निदान कागदांवरून करायचे, त्यामुळे शंभर टक्के खात्री कोणी देत नाही. पण इतक्या साक्षीदारांच्या नोंदी क्वचितच कोणाच्या असतील.

आज निदानाचे निकष साधे आहेत. शरीराच्या एकाहून अधिक टिक, किमान एक आवाजाची टिक, लक्षणे वर्षाहून जास्त काळ आणि सुरुवात अठराव्या वर्षाआधी. बहुधा पाच ते सात वर्षांच्या वयात डोळे मिचकावण्यापासून सुरुवात होते. दहा ते बारा या वयात जोर सर्वाधिक असतो आणि पुढे अनेकांचा त्रास बराच कमी होतो. मुलींपेक्षा मुलांत प्रमाण तीन-चार पट. सोबत अनेकदा लक्ष न टिकणे किंवा मंत्रचळ असतो. जॉन्सन यांचे उंबरठ्यावरचे पावले मोजणे याच दुसऱ्या प्रकारात मोडते. बुद्धीशी याचा संबंध नाही.

वर्गात काय करता येते?

सर्वांत आधी थांब म्हणणे थांबवायला हवे. दर वेळी टोकले की ताण वाढतो आणि ताणाने टिक वाढते. घसा खाकरणे, नाक ओढणे, मान झटकणे याकडे शिक्षकाने दुर्लक्ष केले, की आठवडाभरात वर्गही करू लागतो, कारण मुले मास्तरांच्या नजरेकडे पाहूनच काय हसण्यासारखे ते ठरवतात. टिक फार वाढल्या तर न विचारता दोन मिनिटे बाहेर जाऊन येण्याची मुभा द्यावी. पाणी आणायला पाठवणे हाही उपाय चालतो. पहिल्या बाकावर बसवले की सगळा वर्ग पाठीमागून पाहतो. त्यापेक्षा मुलाला कडेची किंवा मागची जागा हवी का, हे त्यालाच विचारावे.

नकलेचा प्रश्न उरतोच. त्यावर उपाय ईडियलच्या शाळेत कोणाकडे नव्हता, आज आहे. मुलाची आणि पालकांची संमती घेऊन वर्गाला सांगणे, की ही शिंकेसारखी गोष्ट आहे, तो मुद्दाम करत नाही. काही मुलांना हे स्वतः सांगायला आवडते, काहींना मुळीच नाही. ज्याला नको त्याच्यावर जबरदस्ती नको, डेम ऑलिव्हर यांचा अनुभव लक्षात असलेला बरा. परीक्षेत वेगळी खोली मिळाली तर टिक दाबण्याची शक्ती उत्तरपत्रिकेकडे वळते. हाताच्या टिकमुळे अक्षर बिघडत असेल तर जादा वेळ लागतो. इथे अडचण अशी, की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत टुरेटचे नाव स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे डॉक्टरांचे पत्र आणि शाळेशी वेळेत केलेला संवाद यावर बरेच अवलंबून राहते.

बालमेंदुविकारतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही. ओढ ओळखून तिच्या जागी दुसरी, कमी त्रासाची हालचाल करायला शिकवणारी वर्तनोपचार पद्धत अनेकांना उपयोगी पडते. सौम्य टिक असलेल्या मुलाला कित्येकदा समजून घेण्यापलीकडे उपचार लागत नाहीत. २०१८ च्या ‘हिचकी’ चित्रपटात राणी मुखर्जीने टुरेट असलेल्या शिक्षिकेची भूमिका केली, तेव्हा हे नाव अनेक घरांत पहिल्यांदा पोहोचले.

जॉन्सन यांचे पुढे काय झाले?

शाळांची दारे बंद झाल्याने ते लेखणीकडे वळले. १७४६ मध्ये पुस्तकविक्रेत्यांनी १५०० गिनींच्या बोलीवर कोशाचे काम दिले. तीन वर्षांत संपेल असे त्यांना वाटले होते, लागली नऊ. गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा मदतनीसांसह काम चाले. १५ एप्रिल १७५५ रोजी ४२,७७३ शब्दांचा कोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑक्सफर्डने त्यांना पदवी दिली. तोपर्यंत पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली होती. १७५९ मध्ये आईच्या अंत्यविधीचा खर्च आणि देणी भागवण्यासाठी त्यांनी आठवडाभराच्या संध्याकाळी बसून ‘रासेलस’ ही कथा लिहिली. तिचे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले आणि पुत्र विष्णुशास्त्रींनी ते पुरे केले. विष्णुशास्त्रींनी ‘निबंधमाले’त जॉन्सन यांच्यावर दीर्घ निबंधही लिहिला. म्हणजे पुण्यात या विक्षिप्त इंग्रजाची ओळख दीडशे वर्षांपूर्वीच झाली होती.

घरात त्यांनी ज्यांना आसरा दिला त्यांत जमैकात गुलामीत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर हा मुलगा होता. तो जॉन्सन यांच्याकडे नोकर म्हणून राहिला, पण पुढे त्यांनी त्याला स्वखर्चाने शाळेत घातले. बार्बर तेव्हा पंचविशीच्या आसपास होता, तरी पाच वर्षे त्याचे शिक्षण चालू राहिले. १३ डिसेंबर १७८४ रोजी जॉन्सन यांचे निधन झाले, तेव्हा मृत्युपत्रात वर्षाला ७० पौंडांची तजवीज बार्बरसाठी होती. तो लंडन सोडून लिचफिल्डला गेला आणि अखेरच्या वर्षांत त्याने जवळच्याच बर्नटवुड गावात एक छोटी शाळा काढली. त्याच्या मृत्यूनंतर ती पत्नीने चालवली. ईडियल तिथून हाकेच्या अंतरावर आहे.